पनवेल-उलव्याकडं घर घ्यावं का? तिकडं राहणाऱ्या सातारा-सांगलीकरांनी सांगा

पायथ्याचा_सातारकर (सातारा)

राम राम मंडळी. आमची आक्का आणि दाजी कामोठ्यात भाड्यानं राहतात. दाजी कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी हमालांच्या टोळीत आहेत. भाचा विमानतळाकडं कामाला लागलाय. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, परत सामानाची हलवाहलव, याला आक्का कंटाळलीय. थोडी साठवण आहे, बाकी कर्ज काढतील.

दाजींच्या मनात उलवे आहे. भाच्याला मेट्रोमुळं तळोजा बरा वाटतोय. आक्काच्या ओळखीतल्या एकजणी विचुंब्यात वन बीएचके दाखवतायत, बाकीच्यांच्या मानानं बरंच स्वस्त. इकडं साताऱ्यात ज्याला विचारावं तो म्हणतो, "पनवेल म्हणजे सोनं, डोळे झाकून घ्या." पण मी जेव्हा जेव्हा तिकडं जातो तेव्हा नवे टॉवर दिसतात आणि त्यांच्या दारात पाण्याचे टँकरही दिसतात. डोळे झाकून घ्यायचं धाडस होत नाही. जाहिरातीतलं सगळं वाचलंय. राहणाऱ्यांनी काय ते सांगा.

मेढ्याचा_पोरगा (कामोठे)

दादा, आधी एक सांगतो. हा भाग विमानतळामुळं वाढला असं सगळे म्हणतात. विमानतळ आत्ता आला, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन आणि २५ डिसेंबरपासून विमानं. कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी त्याच्या कितीतरी आधी भरली, आणि ती भरण्यात आपली माणसं पुढं होती.

आमचे आजोबा परळला गिरणीत. गावकीची एक खोली, त्यात पाळीपाळीनं झोपायचं, जेवण खानावळीतल्या मावशीकडं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि खोलीतली निम्मी माणसं गावाला परत आली. वडील तोवर मस्जिद बंदरला हमालीत शिरले होते. माथाडी, म्हणजे ओझी उचलणाऱ्या हमालांसाठीचा कायदा १९६९ चा. त्यामागं आपल्या पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांची चळवळ, हे इथं कुणाला सांगायला नको. त्या कायद्यानं हमालाला मंडळात नोंद, फंड, रजेचा पगार मिळाला. पुढं ऐंशीच्या दशकापासून एकेक बाजार मुंबईतून वाशीला हलला, लोखंड कळंबोलीला आलं. बाजार हलला तसा हमाल हलला. कोपरखैरणे, घणसोलीला माथाडींची घरं झाली.

आता ती घरं केवढी? मी त्यातच वाढलो. पुढच्या खोलीत आई-वडील, मधल्या जागेत आम्ही तिघं, स्वयंपाकघरात आजी. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा पोटमाळा काढला. धाकट्याचं ठरलं तेव्हा मी बाहेर पडलो. वाशी-नेरूळ परवडत नव्हतं, म्हणून खाडी सोडून पुढं कामोठ्याला आलो. माझ्या बिल्डिंगमध्ये जावळी, पाटण, शिराळा, वाळवा, खटाव सगळे सापडतील. यात्रेच्या आदल्या रात्री कळंबोलीच्या मॅकडोनाल्डपाशी उभं राहिलं की आपला अख्खा जिल्हा पिशव्या घेऊन गाडीची वाट बघत असतो.

म्हणून दाजींना सांगा, कामोठे सोडू नका. पाणी, शाळा, बाजार, गावची गाडी, सगळं बसलेलं आहे. जुन्या बिल्डिंगमधलं का असेना, इथंच बघा.

उलव्याचा_पाटणकर (उलवे)

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. मी उलव्यात राहतो आणि समाधानी आहे, पण माझं काम बेलापूरला आहे म्हणून. खारकोपरपर्यंतची लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये गेली. त्याआधी इथं राहणं म्हणजे रिक्षा आणि बसच्या जिवावर होतं. गाड्या अजून हार्बरसारख्या मिनिटामिनिटाला नाहीत. एक चुकली की वेळ जातो. दाजींना पहाटे कळंबोलीला पोचायचं असेल तर त्यांना ही लाईन उपयोगाची नाही, ती नेरूळ-बेलापूरला जाते.

अटल सेतूचंही तसंच. जाहिरातीत "शिवडी वीस मिनिटांत" असतं. पूल खरंच मोठा आहे, २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा समुद्रावर. पण त्यावर मोटारसायकलला आणि रिक्षाला बंदी आहे. कारला एका बाजूचा टोल २५० रुपये. हमाली करणाऱ्या माणसाच्या रोजच्या जाण्यायेण्यात तो पूल धरायचाच नाही.

पाण्याचं आमच्या सोसायटीपुरतं सांगतो. उन्हाळ्यात दाब कमी होतो, वरच्या टाकीत चढत नाही, टँकर मागवावा लागतो आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. फ्लॅट बघायला जाल तेव्हा वॉचमनला विचारा, "एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात?" तो खरं सांगतो. आणि सोसायटीकडं मागच्या उन्हाळ्याची टँकरची बिलं मागा. आम्ही घेताना हेच केलं होतं आणि दोन बिल्डिंगी त्याच्यावरच सोडल्या.

वाईचा_दस्तवाला (नवीन पनवेल)

माझं कामच इथं खरेदीखतं आणि कागदपत्रं बघायचं आहे. धाग्यात जी नावं आलीत ती जवळजवळ दिसतात, पण जमिनीच्या कागदाच्या दृष्टीनं वेगवेगळ्या दुनिया आहेत.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली १७ मार्च १९७० ला. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं घेऊन नवं शहर ठरलं. कामोठे, कळंबोली, खारघर, उलवे, करंजाडे हे नोड, म्हणजे सिडकोच्या वसाहती, त्यात येतात. इथली जमीन सिडकोची, ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली. तुम्ही फ्लॅट विकता-घेता तेव्हा सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. ते कोण भरणार हे व्यवहाराच्या पहिल्या बैठकीतच ठरवून लिहून घ्या, नाहीतर शेवटी भांडण होतं.

त्यातही प्लॉट दोन तऱ्हेचे. एक निविदेनं बिल्डरला विकलेला. दुसरा साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे ज्या शेतकऱ्याची जमीन गेली त्याला परत मिळालेला. त्यातही सार्वजनिक सोयींसाठी कापून हातात येते ती पावणेनऊ टक्के. उलवे, करंजाडे, कामोठे इथल्या कित्येक बिल्डिंगी असल्या प्लॉटवर आहेत. शेतकरी, बिल्डर आणि सिडको यांचा त्रिपक्षीय करार असतो. तो मागायचा. मूळ शेतकऱ्याचे सगळे वारस त्यात आहेत का ते बघायचं. एका बहिणीची सही राहिली म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात अडकलेली प्रकरणं माझ्या टेबलावर आहेत.

विचुंबे, देवद, सुकापूर, उसर्ली या बाजूला नैना क्षेत्र आहे, म्हणजे विमानतळाच्या प्रभावाखालचं, सिडकोनं नियोजन करायचं क्षेत्र. २०१३ मध्ये विमानतळाच्या भोवतीची २७० गावं त्यात धरली होती, नंतर बरीच वगळली. तिथं नगररचना योजना चालू आहेत. जमीनमालकाला साधारण ४० टक्के विकसित भूखंड मिळतो, बाकीची रस्ते-बागा-सोयींना जाते. तिथं रीतसर परवानगीच्या बिल्डिंगी आहेत, आणि ग्रामपंचायतीच्या नुसत्या दाखल्यावर चढवलेल्याही आहेत. दुसऱ्या प्रकारातला फ्लॅट स्वस्त मिळतो, कारण त्याला राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देत नाही आणि व्यवहार नोटरीवर उरकतात. नोटरीच्या कागदानं घर तुमच्या नावावर होत नाही. आक्कांच्या ओळखीतल्या बाईंना एवढंच विचारा की भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) आहे का आणि इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा उतारा) निघेल का. नवीन बांधकाम असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा नंबर घेऊन स्वतः संकेतस्थळावर बघा. त्यात मंजूर मजले किती आहेत ते आणि प्रत्यक्ष उभे मजले मोजा.

चाफळकर

अगदी हेच हवं होतं. प्रत साठवून ठेवली. आमच्या चुलतभावानं नोटरीवर घेतलाय आणि आता विकताही येत नाही.

पारगावची_लेक (कराड)

माझं माहेर पनवेल तालुक्यातलं पारगाव, सासर कराड. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तुम्ही ज्याला उलवे नोड म्हणता तिथं भातखाचरं होती. खाडीच्या अगदी बरोबरीची जमीन. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून माती-दगडाचा बांध, आणि बांधाला लाकडी फळ्यांची उघाडी. भरती आली की उघाडी बंद राहायची, ओहोटीला पावसाचं पाणी तिच्यातून खाडीत निघून जायचं. बांध फुटला तर गावातली सगळी माणसं रात्री टोपल्या घेऊन धावायची, मग जमीन कुणाची का असेना. शेती नसेल तेव्हा मिठागरं आणि खाडी. आई निवट्या (खाडीतले मासे), कोलंबी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची.

ही जमीन मातीमोल भावानं घेत होते म्हणून १९८४ च्या जानेवारीत आमचे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के त्या रक्तातून आलेत. वरच्या काकांनी पावणेनऊ टक्क्यांचा हिशोब बरोबर सांगितला, पण त्या आकड्याला माणसं लागलेली आहेत हे फ्लॅट घेणाऱ्यालाही माहीत असावं. आम्ही विमानतळाला त्यांचं नाव मागतो ते यासाठी.

आत्याचं घर चिंचपाड्यात होतं. विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या, त्यात तेही गेलं. साडेबावीस टक्क्यांच्या योजनेत भूखंड मिळाला, घर बांधलं, चांगलं आहे. पण उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला आणि भराव टाकून जमीन वर उचलली. आमचं पारगाव-डुंगी आता खाली राहिलंय. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाणी घरात येतं. उघाडीतून जे पाणी जायचं त्याला वाट कुठं उरली?

म्हणून पायथ्याचा_सातारकर, तुमच्या आक्कांना सांगा, बिल्डिंग बघायला जुलैत जा. पाऊस लागलेला असताना, भरतीची वेळ बघून. पार्किंगमध्ये, गटाराच्या तोंडाशी पाणी कुठपर्यंत येतं ते बघा. आणि शेजारच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की ह्या जागेवर पूर्वी काय होतं. खाचर होतं, तळं होतं की वरकस (उंचावरची हलकी) जमीन होती, तो सांगेल.

शिवसागर (मूळ जावळी)

ताई, तुमचं वाचलं आणि आमच्या घरातलं बोलणं आठवलं. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. आज्जी सांगायची, देव उचलून घेतला, उंबरा उचलता आला नाही. कोयनेच्या विस्थापितांतली काही कुटुंबं रायगड जिल्ह्यातही वसवली गेली. म्हणजे धरणानं उठलेला सातारकर आणि शहरानं उठलेला आगरी शेजारी-शेजारी आलेत, आणि दोघांच्या कागदावर शिक्का एकच, प्रकल्पग्रस्त.

कोयनेची वीज राज्यभर गेली, मुंबईच्या वाढीला तिचा हातभार लागला. वीज झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं. आमच्या कितीतरी कुटुंबांचं पुनर्वसनाचं काम तिसऱ्या पिढीत अजून चालू आहे. तिकडं घर जरूर घ्या, आपल्या माणसांना पोटासाठी जावंच लागतं. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "हे गाववाले" असं कुणी बोललं तर आपल्या माणसानं तरी गप्प बसू नये.

उलव्याचा_पाटणकर (उलवे)

ताई, माझी बिल्डिंगही साडेबारा टक्क्यांच्याच प्लॉटवर आहे. मूळ मालक काका तळमजल्यावर राहतात. गणपतीत पहिली आरती त्यांच्या हातनं होते, हे आम्ही पहिल्या वर्षीच ठरवलं.

सांगलीकर_मास्तर (सांगली)

सगळ्यांचं वाचलं. मला वेगळंच म्हणायचंय. तेवढे पैसे घालून तिकडं दोन खोल्यांत कोंडून घेण्यापेक्षा साताऱ्यातच घर का घेत नाहीत? साताऱ्याची हद्दवाढ २०२० ला झाली, शाहूपुरी, विलासपूर पालिकेत आलं. मेडिकल कॉलेज आलंय. हवा आहे, पाणी आहे, आपली माणसं आहेत. आपण सगळे तिकडं गेलो तर इथल्या शाळेचे वर्ग रिकामे राहतात, हे मी रोज बघतो. गावात लग्नाच्या वयाची पोरं मुंबईत आणि म्हातारी माणसं ओट्यावर. शहराच्या कडेला नवं शहर उभं राहतं म्हणजे इकडं कुठलंतरी गाव ओस पडतं, हा हिशोब कुणी मांडायचा?

कामोठ्याची_वहिनी (कामोठे)

मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलते. गावात हवा आहे, काम कुठं आहे? माझे मालक माथाडीत आहेत. त्यांची नोंद इथल्या मंडळात, टोळी इथली. टोळीतली जागा सोडली तर परत मिळत नाही. मी चार घरी पोळ्या करते आणि पिको-फॉलचं मशीन आहे. गावाला माझ्या हाताला हे काम नाही. मुलगी इथं पॉलिटेक्निकला जाते आणि संध्याकाळी एकटी परत येते, मला घोर वाटत नाही.

शाळा रिकाम्या पडतात ते खरं आहे, मलाही वाईट वाटतं. पण त्याचा भार घर बदलणाऱ्या बाईवर टाकू नका. सातारा-सांगलीत एमआयडीसीत टिकाऊ पगार मिळाला असता तर निम्मा कामोठा परत आला असता.

सांगलीकर_मास्तर (सांगली)

वहिनी, रास्त आहे. माझं म्हणणं घर घेणाऱ्यांना नाही, नियोजन करणाऱ्यांना होतं. सगळी मेट्रो, पूल, विमानतळ एकाच बाजूला ओतलं की माणूस तिकडंच वाहणार.

तळोज्याचा_नोकरदार (तळोजा)

तळोज्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मेट्रो चांगली आहे, बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, १७ नोव्हेंबर २०२३ पासून. भाच्याला बेलापूरहून पुढं जाता येईल. दाजींना कळंबोली रस्त्यानं जवळ. पण एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांचा वास रात्री येतो, वारा कुठला आहे त्यावर आहे. कासाडी नदीचं प्रदूषण सगळ्यांना माहीत आहे. घर बघायला रविवारी दुपारी नेतात, तेव्हा कळत नाही. मधल्या वारी रात्री दहानंतर जाऊन उभं राहा. आमच्या आईला दमा आहे म्हणून आम्ही आता खारघरच्या बाजूला बघतोय.

मेढ्याचा_पोरगा (कामोठे)

पाण्याबद्दल एक राहिलं. बेलापूरपासून वाशीकडं नवी मुंबई महापालिकेची हद्द, तिचं स्वतःचं मोरबे धरण आहे, म्हणून वाशी-नेरूळचं पाणी बरं. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, पण स्वतःचं म्हणावं तर पनवेल शहरापुरतं छोटं देहरंग धरण. बाकी पेणचं हेटवणे, पाताळगंगेचं पाणी आणि विकत घेतलेलं पाणी यावर सगळा कारभार. बाळगंगा आणि कोंढाणे धरणांची नावं आम्ही कधीपासून ऐकतोय. बिल्डिंगी मात्र थांबलेल्या नाहीत. पुढची दहा वर्षं पाणी हाच मुख्य प्रश्न राहणार, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या सोसायटीची जमिनीखालची टाकी मोठी आणि पावसाच्या पाण्याची व्यवस्था चालू आहे, तिला जास्त पैसे मोजा. लॉबीतल्या संगमरवराला मोजू नका.

पायथ्याचा_सातारकर (सातारा)

मंडळी, सगळे प्रतिसाद आक्काला फोनवर वाचून दाखवले. पारगावच्या ताईंचा प्रतिसाद तिनं परत वाचायला लावला.

विचुंब्याचं घर सोडलं. भोगवटा प्रमाणपत्राचं विचारल्यावर "काम चालू आहे, येईल" एवढंच उत्तर आलं, आणि चार मजल्यांच्या नकाशावर सहा मजले उभे होते. दाजींनी स्वतः मोजले. उलवे दाजींच्या वेळेत बसत नाही हे त्यांनाही पटलं. आता कामोठ्यातच एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचं घर बघितलंय. मालक कोरेगावकडचे, गावाला परत चाललेत. टँकरची बिलं मागितली तर सेक्रेटरीनं लगेच फाईल काढून दिली. बिल्डिंग साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची आहे. वाईच्या काकांना विचारायचंय, टोकन देण्याआधी नेमकं काय काय हातात घ्यावं?

वाईचा_दस्तवाला (नवीन पनवेल)

टोकन आधी देऊ नका. पहिल्या खरेदीपासून आत्ताच्या मालकापर्यंतच्या करारांची अख्खी साखळी घ्या, मधला एकही करार गहाळ नको. त्रिपक्षीय करार आणि मूळ भाडेपट्टा. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत. सोसायटीचं ना हरकत पत्र, शेअर सर्टिफिकेट आणि मेंटेनन्सची बाकी नसल्याचा दाखला. मालमत्ता कराची पावती नीट बघा, महापालिका झाल्यापासूनची मागची थकबाकी किती आहे ते विचारा आणि ती मालकानं भरायची असं करारात घाला. मालकांचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र. दुय्यम निबंधकाकडं ३० वर्षांचा शोध घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत.

आणि घर आक्का आणि दाजी दोघांच्या नावावर करा. बाईचं नाव एकटं असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तेही घरात बोलून बघा. दाजींच्या माथाडी मंडळाकडून किंवा पतपेढीतून घरासाठी कर्ज मिळतं का ते आधी विचारा, मग बँकेत जा. कागद आले की मला व्यनि करा, बघून देतो. फी नको.